आवाज न करणारा डबा

पनवेल
११ नोव्हेंबर २०११

शरीफा,

सलाम. "इकडे सर्व खुशाल" अशी सुरुवात करायची माझी जुनी खोड तुला ठाऊक आहे. दोह्याहून सव्वीस वर्षं तसंच लिहिलं. अंगात ताप असताना लिहिलं, नोकरी जायची वेळ आली होती तेव्हाही लिहिलं. आज मात्र लिहीत नाही. घर आपलं, मोहल्ला आपला, आणि बकरी ईदचं मटण मी यूम्नाच्या सासरहून आलेल्या डब्यातून एकटा बसून खाल्लं. आता यात खुशाल काय लिहू?

पनवेलहून उरण एसटीने तासाभराचं. आणि मी तिकीट चिकटवून पोस्टाने पत्र धाडतोय म्हणून तुझा भाऊ नावेद हसेल. हसू दे. फोन तू उचलत नाहीस. परवा उचललास तर मी "हॅलो" म्हटलं, तू "बरं आहे" म्हटलंस आणि मग दोघंही गप्प. शेवटी नेटवर्कलाच आपली दया आली आणि फोन कटला. पत्राचं तसं नसतं. हातात पेन आलं की मी बोलायला लागतो, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत?

आठ दिवसांसाठी जाते म्हणून गेलीस त्याला महिना उलटला. काल यूम्ना कामोठ्याहून बाळाला घेऊन आली होती. जाता जाता म्हणते, "अब्बा, मामू अम्मीसाठी गच्चीवर खोली बांधतायत. डिसेंबरात स्लॅब पडेल." मी म्हटलं, "छान." शरीफा, माहेरी पाहुणी म्हणून राहणं वेगळं आणि माहेरी स्वतःची खोली असणं वेगळं. स्लॅब पडला की तू परत येणार नाहीस, एवढं मला कळतं.

राग कशाचा तेवढं कळत नाही. निघताना तू एकच वाक्य बोललीस: "या घरात आता मला काही ऐकू येत नाही." मी म्हटलं कानाच्या डॉक्टरला दाखवू. तू पिशवी उचललीस.

म्हणजे राग माझ्या सिनेमाच्या मशीनवर आहे. असणारच. पण ते मशीन हॉलमध्ये का आलं हे एकदा ऐकून घे. दोह्यात कामगारांच्या कॅम्पात एका खोलीत आम्ही आठ माणसं आणि एक टीव्ही. एकाला बातम्या हव्यात, दुसऱ्याला क्रिकेट, तिसरा घोरतोय. मी भिंतीकडे तोंड करून पडायचो आणि डोळे मिटून आपला हॉल सजवायचो. इथे सोफा, तिथे मोठा पडदा, कोपऱ्या-कोपऱ्यात स्पीकर, दिवे मालवलेले, आणि शेजारी तू. सिनेमा कुठला ते कधी ठरलंच नाही. कुठलाही चालला असता. मी कायमचा घरी आलो तेव्हा तो हॉल मी सामानात बांधून आणला होता: कॉम्प्युटरचा काळा कॅबिनेट, आत चार पंखे, निळा दिवा. तू शेजारी बसलीस एकदाच, तेही भाजी निवडत, आणि अर्ध्यातून उठून गेलीस.

बाळाच्या अकीक्याला, जावळ काढलं त्या दिवशीही, मी तो कॅबिनेट लावला. पाहुण्यांनी नातवाला सोडून स्पीकर बघितले, खोटं नाही. त्यात टाकीतलं पाणी संपलं, हात धुवायला थेंब नाही. तेव्हा मी जो विनोद केला, "कतारच्या वाळवंटात चोवीस तास पाणी, आणि आमच्या पनवेलात बेगम म्हणतात संपलं", त्यावर यूम्नाचे सासरे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. वेळ निभावून नेली मी. तू मात्र तेव्हापासून घुम्यासारखी झालीस.

तर मी ठरवलंय. मशीन आवाज करतं असं तुझं म्हणणं असेल, तर मी आवाज न करणारं मशीन बनवतो. लहानसं. तुला दिसणारही नाही. मग तर येशील?

नझीर


पनवेल
२० नोव्हेंबर २०११

शरीफा,

उत्तर नाही आलं. हरकत नाही. तू पूर्वीही माझ्या तीन पत्रांना मिळून एक लिहायचीस, आणि ते तिन्हींपेक्षा भारी असायचं.

कामोठ्यात यूम्नाच्या गल्लीसमोर परेश नावाच्या माणसाचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. तुमच्या उरणचाच कोळी. चाळिशीचा, पोट सुटलेलं, बोलण्याचा भारी शौक. मी म्हटलं मला पंखा नसलेलं मशीन पाहिजे. तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी बिनकाट्याचा बोंबील मागितला. म्हणाला, "काका, पंखा नाय तर मशीन तापंल. मंग तुमी माज्या नावानं वरडाल." मी म्हटलं, बाबा रे, मी आयुष्यभर थंड करायचाच धंदा केलाय. मोठमोठ्या हॉटेलांचे एसी माझ्या हाताखाली होते. तू फक्त सामान मागव.

त्याने मागवलं. डबा आला तो मिठाईच्या बॉक्सएवढा, अॅल्युमिनियमचा, वरून पट्ट्या-पट्ट्यांचा. उष्णता त्या पट्ट्यांतून आपोआप हवेत जाते. आत बोर्ड तळहाताएवढा. पॉवरचा अडॅप्टर बाहेर, लॅपटॉपचा असतो तसा. पण आत फिरणारी हार्ड डिस्क होती आणि ती गुणगुणत होती. मग मी आमच्या धंद्यातली युक्ती केली. चिलर म्हणजे एसीचं मोठं मशीन. त्याच्या खाली आम्ही रबराच्या जाड गाद्या घालायचो, म्हणजे हादरा जमिनीत उतरत नाही. मी सायकलची जुनी ट्यूब कापली आणि डिस्क त्या पट्ट्यांवर झोळीत टाकली. बाळाला टाकतात तशी. परेश म्हणाला, "काका, ही झोली लय भारी. आता तिला पालना म्हना." दुकानात दोन गिऱ्हाइकं थांबली होती, ती कंटाळून निघून गेली.

आता खरं सांगतो, शरीफा. मला जुन्या कॅबिनेटचा आवाज कधी ऐकूच आला नव्हता. तू म्हणायचीस "केवढा घुमतोय" आणि मला वाटायचं तू उगाच निमित्त काढतेस. परवा दारावर सोनाबाई आली, पापलेट घेऊन. तीही तेच म्हणाली. "भाबी व्हती तवा कोपऱ्यावर हाक मारली तरी दार उघडायची. आता तुमचा डबा घुमतो, आमी गला फोडला तरी कोन आयकत नाय." मी तिलाही हसण्यावारी नेलं. मग आत आलो, कॅबिनेट बंद केला आणि माझ्या छातीत धस्स झालं.

आमच्या चिलरच्या खोलीत घरघर चालू म्हणजे सगळं ठीक. घरघर थांबली की बोंब. सायरन, शिव्या, धावपळ, वर हॉटेलात शेख लोक घामाघूम. झोपेतसुद्धा माझे कान त्या घरघरीला धरून असायचे. ती असली की मी निवांत. म्हणजे मी इथे येऊन काय केलं, तर आपल्या हॉलमध्ये एक चिलर आणून ठेवला आणि म्हटलं, हां, आता सगळं ठीक आहे.

नवा डबा पहिल्यांदा चालू केला तेव्हा मी चक्क फसलो. बटण दाबलं, काहीच नाही. मला वाटलं मेला. परत दाबलं. स्क्रू काढले, झाकण उघडलं, तोंडात टॉर्च धरून आत बघतोय. मग पुन्हा बटण दाबलं आणि सहज मान वर केली तर टीव्हीवर चित्र आलेलं. मी दुसऱ्यांदा बटण दाबून तो बंद केला होता. असं मी तीनदा केलं. परेशला सांगू नकोस.

नझीर


पनवेल
२९ नोव्हेंबर २०११

शरीफा,

मी रविवारी उरणला येऊन गेलो हे तुला सांगायला नको. चहा तूच दिलास.

गाडीत बसलो तेव्हा सगळं ठरवलेलं होतं. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, तुझ्या "बरं" नंतरचं तिसरं वाक्य. जासईपर्यंत पाठ होतं. नावेदच्या ओटीवर बसलो आणि तू ट्रे घेऊन आलीस. केस मागे घट्ट बांधलेले, कपाळावर घाम. मला वाटलं आता बोलावं. आणि माझ्या तोंडून निघालं, "साखर कमी आहे." तू साखर आणलीस. मग मी नावेदशी सिमेंटच्या भावावर तासभर बोललो. त्याने वर नेऊन खोलीही दाखवली. भिंती उभ्या आहेत. खिडकी खाडीच्या बाजूला आहे. मी म्हटलं, "हवा चांगली येईल." काय माणूस आहे मी!

येताना गाडीत डोळा लागला आणि स्वप्नात पुन्हा तोच ट्रे, तोच चहा, पण ओटी आपली. तू उभी आणि मी बोलतोय, बोलतोय. काय बोललो ते आठवत नाही. तुझ्या चेहऱ्यावरून मात्र कळत होतं की बरोबर बोलतोय.

आता घराचं सांगतो. नवा डबा टीव्हीच्या मागे ठेवलाय. जुना कॅबिनेट माळ्यावर गेला, चार स्पीकर गेले, दोनच ठेवले. आणि घर शांत झालं. इतकं शांत की पहिले दोन दिवस मी उठून उठून बघत होतो, कुठे काही बंद तर पडलं नाही ना. मग हळूहळू एकेक गोष्ट वर यायला लागली, ओहोटीला खडक वर येतात तशी. दुपारी शेजारच्या गच्चीवर कुणी तरी पापड वाळत घालतं, त्या प्लास्टिकचा आवाज. मशिदीतला माईक अजानच्या आधी चालू होतो, तेव्हाची ती टकटक. पलीकडच्या घरात म्हातारी तस्बीह ओढते. खरं सांगतो, मणी ऐकू येतात. मी सोफ्यावर पडून राहतो. ऊन हॉलमध्ये येतं, टेबलाच्या पायाशी थांबतं, सरकतं. कधी वाटतं तू स्वयंपाकघरातच आहेस, फक्त काही पाडत नाहीस, वाजवत नाहीस. मी नव्हतो तेव्हा तू याच शांततेत राहिलीस का? एवढी वर्षं?

मी दोह्यात असताना हे घर मला नेहमी पडद्यावरच दिसायचं. तू व्हिडिओ कॅसेटी पाठवायचीस, गावी आलेल्या कुणाच्या तरी हाती. नावेदने शूटिंग केलेल्या. यूम्ना रांगताना, यूम्नाची बिस्मिल्ला, यूम्ना शाळेच्या गॅदरिंगमध्ये मासा झालेली. मी रजेवर यायचो तेव्हा मला घर खोटं वाटायचं, कारण त्यात कडेला काळी चौकट नसायची. तुला हे कधी बोललो नव्हतो.

त्या कॅसेटी पेटीत आहेत. परेशकडे त्या कॉम्प्युटरमध्ये भरायची सोय आहे. उद्या नेतो.

नझीर


पनवेल
१० डिसेंबर २०११

शरीफा,

आज मी जे लिहिणार आहे ते बसून वाच.

तुला आठवतं, मागच्या वर्षी मी म्हटलं होतं, चल कॅसेटी बघू, आणि तू म्हणालीस, "मी त्या कॅसेटीत आहेच, परत कशाला बघू?" मला राग आला होता. कारण शरीफा, तू त्यात नसायचीस. हे माझं फार जुनं दुःख आहे. प्रत्येक कॅसेटमध्ये तू जरा वेळ दिसायचीस आणि मग एकदम उठून चालू लागायचीस, चौकटीबाहेर. बिस्मिल्लाला उठलीस. तुझ्या भाचीच्या हळदीला, सगळ्या बायका ढोलकीवर गातायत, आणि तू उठलीस. यूम्नाच्या साखरपुड्याला पाहुण्यांसमोरून उठलीस. कॅम्पातले लोक म्हणायचे, नझीरभाई, भाभी शरमाती है. मी हसायचो. मनात मात्र यायचं, ही माझ्याकडे पाठ फिरवते. हिला माहीत आहे की हे मी बघणार आहे, म्हणून ती उठून जाते.

तर परेशने कॅसेटी भरून दिल्या. काल असरच्या नमाजनंतर मी पडदे ओढले आणि बिस्मिल्ला लावली. चित्र जुनं, रंग उडालेले, सगळ्यांचे चेहरे पिवळसर, पाण्याखालून बघतोय असं वाटतं. यूम्ना सोनेरी फ्रॉकमध्ये, मौलवीसाहेब तिचं बोट धरून पहिल्या अक्षरावर, अलिफवर, फिरवतायत. तू मागे बसलेली, ओढणी दातात धरून. किती सडपातळ होतीस! कॅम्पात ही कॅसेट चालायची तेव्हा खिडकीतला एसी ट्रकसारखा धडधडायचा, सातजण बोलत असायचे. काल पहिल्यांदाच मी ती नुसती ऐकली.

बायकांची कुजबुज ऐकू आली. कुणाच्या तरी बांगड्या. नावेदचा श्वास, कॅमेऱ्याजवळचा. आणि मग लांबून, अगदी लांबून, एक फुस्सकन आवाज. नंतर घशात कफ अडकल्यासारखी खरखर. आणि तुझी मान वर झाली. बाकी कुणाचीच नाही. एवढ्या माणसांत एकट्या तुझी. तू उठलीस, चौकटीबाहेर गेलीस, आणि कुठून तरी तुझा आवाज आला, "आलं गं, मोटर लाव."

पाणी. अंगणातल्या नळाला पाणी येण्याआधी पाइपातली हवा सुटते, तो आवाज होता.

मी हळद लावली. ढोलकीच्या खाली, गाण्याच्या खाली, तोच फुस्स. तुझी मान. तू उठलीस. साखरपुडा लावला. यूम्नाचे सासरे काही तरी सांगतायत, आणि त्यांच्या बोलण्यात तो आवाज मिसळलेला, आणि तू डोक्यावरचा पदर सारखा करत उठलीस. शरीफा, तू माझ्याकडे पाठ फिरवत नव्हतीस. पाणी कधी येईल, किती वेळ राहील, कुणी सांगू शकत नाही. तू ते ऐकत होतीस. सव्वीस वर्षं या घरात एक थेंब कमी पडला नाही तो तुझ्या कानांमुळे. आणि मी येऊन त्या कानांत चार पंखे आणि सहा स्पीकर घातले. अकीक्याच्या दिवशी पाणी आलं असणार आणि निघूनही गेलं असणार. आणि मी वर विनोद केला.

पुढचं ऐक. मी परत बिस्मिल्ला लावली. त्या जागी आलो, फुस्स झालं, तुझी मान वर झाली, आणि मी रिमोटने चित्र थांबवलं. तुझा चेहरा तसाच बघत राहायचं होतं मला. तू पडद्यावर थांबलीस, अर्धी उठलेली, एक हात जमिनीवर टेकलेला. पण आवाज थांबला नाही. खरखर चालूच. मी डब्याकडे बघितलं, म्हटलं बिघडला. मग वाटलं, तू आत आहेस. खरंच वाटलं, शरीफा. की तू चौकटीतून उठून आत गेली आहेस आणि आता भांडं लावशील. मी सोफ्यावर बसून वाट बघत होतो, लहान पोरासारखा हसत. किती वेळ गेला ठाऊक नाही.

मग लख्खकन कळलं. अंगणातला नळ. आजचं पाणी. मी चपला न घालता धावलो, मोटर लावली, टाकी गच्च भरली. पडद्यावर तू तशीच थांबलेली होतीस. परत आलो तेव्हा मला तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटली.

तू म्हणाली होतीस, या घरात आता मला काही ऐकू येत नाही. मी तुला कानाचा डॉक्टर सुचवला होता.

नझीर


पनवेल
१८ डिसेंबर २०११

शरीफा,

हे पत्र छोटं आहे. स्लॅब येत्या शनिवारी आहे असं यूम्ना म्हणाली, त्याआधी पोचावं म्हणून घाईत लिहितोय.

पाणी आता मी भरतो. दोनदा चुकलं, बाकी साधलं. कान अजून तुझ्यासारखा नाही, पण हवा सुटली की कळतं. दोन बादल्या वेगळ्या ठेवतो, तुझ्या पद्धतीने, झाकून. सोनाबाई म्हणाली, "तुमी आता मानसात आलाव." तिने एक बांगडा फुकट घातला.

तू पाणी भरायला ये असं मी म्हणत नाही. सिनेमा बघायला ये असंही नाही. डबा आहे तिथे आहे, तुझ्या मर्जीने लागेल. मी म्हणतोय नुसती ये. दुपारी ऊन हॉलमध्ये येतं तेव्हा मी सोफ्याच्या एका बाजूला सरकून बसतो. ते कुणासाठी हे यूम्नाने विचारलं, तर मी तिला बाळाचं दूध गरम करायला पिटाळलं.

मी साठीला आलो. मला तू हवी आहेस. हे वाक्य मी दोह्याहून बऱ्याच पत्रांत लिहिलं असेल, पण तेव्हा त्याला विमानाच्या तिकिटाचं निमित्त असायचं. आता मधे नुसती एक एसटी आहे.

तुझा,
नझीर


पनवेल, हॉलमधून
२३ डिसेंबर २०११

शरीफा,

तू स्वयंपाकघरात आहेस आणि मी हे हॉलमध्ये बसून लिहितोय. मधे एक पडदा आणि आठ-दहा पावलं. तरी लिहितोय.

सकाळी दार वाजलं तेव्हा मला वाटलं सोनाबाई. तू होतीस. मी म्हटलं, "आलीस?" तू म्हणालीस, "हो." मग तू सरळ अंगणात गेलीस, नळाखाली हात धरून बघितलास, बादल्यांवरची झाकणं उचललीस, टाकीत डोकावलीस. जेवण तू केलंस. मी म्हटलं, "माशात मीठ बरोबर आहे." आणि मग जुम्याला गेलो. नमाजमध्ये माझं चित्त नव्हतं, अल्ला माफ करो.

परत आलो तेव्हा तुझी पिशवी पाहिली. दाराआड ठेवली आहेस. मी हात लावून पाहिला, शरीफा. रिकामी आहे.

माणूस राहायला येतो तेव्हा पिशवी भरलेली असते. रिकामी पिशवी घेऊन माणूस काही तरी न्यायला येतो. उद्या स्लॅब आहे. तुझे हिवाळ्याचे कपडे कपाटात आहेत, कुराण आहे, शिवणाची पेटी आहे. मला कळत नाही तू कशासाठी आली आहेस. विचारायला दोनदा पडद्यापर्यंत आलो. एकदा पाणी पिऊन परत आलो, एकदा नुसताच. तुझी पाठ दिसली. तू तांदूळ निवडत होतीस आणि घर इतकं शांत आहे की खडा ताटलीत पडला तोही ऐकू आला.

राहायला आलीस का न्यायला, एवढंच सांग. हा कागद मी साखरेच्या डब्याखाली ठेवतोय. चहा करताना मिळेल.

नझीर


(त्याच कागदाच्या मागे)

यूम्नाच्या अब्बांना सलाम.

पत्रं सगळी मिळाली. दोनदा दोनदा वाचली. पाण्याचं तुम्ही ओळखलंत, मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. कॅसेटीतल्या पाण्याचं ते पत्र वाचून मी रडले, वहिनीने विचारलं तर कांदा म्हणून सांगितलं.

पण मी पाण्यासाठी घर सोडलं नव्हतं. पाण्याला टँकर मागवता येतो. तुम्ही परदेशात होता तेव्हा तुमचं पत्र यायचं आणि त्यात तुम्ही माझ्याशी भांडायचा, मस्करी करायचा, लाज वाटेल असंही लिहायचा. त्यावर मी दिवस काढले. मला वाटायचं, हा माणूस एक दिवस घरी येईल आणि हे सगळं मला तोंडाने सांगेल. तुम्ही आलात, आणि झालं काय, तर पत्रं बंद झाली. वर्षभर मी एका मुक्या माणसाला ताट वाढलं. माहेरी गेले, तर महिन्याभरात पोस्टमन दारात. म्हणजे मी लांब गेले की तुम्ही मला मिळता. असं मी किती दिवस लांब राहायचं?

पिशवी रिकामी आहे, कारण माझे कपडे उरणला आहेत. तुम्ही बोललात तर नावेद ते उद्या आणून देईल. नाही बोललात तर इथले न्यायला पिशवी आहे.

मशीन लावू नका. मी चहा घेऊन बाहेर येते. हातातलं पेन खाली ठेवा, आणि बोला.

शरीफा